फूल गेले, तरी कंद जिवंत असतो
अमरिलिसची पुढची फुले ठरतात ती फुलानंतरच्या महिन्यांत. बारामती-इंदापूरच्या हवेत कंद कसा सांभाळावा?

बारामती, प्रतिनिधी -

मार्च-एप्रिलच्या उन्हात बारामती आणि इंदापूरमधील अनेक घरांच्या गॅलरीत एक लाल-केशरी फूल लक्ष वेधून घेते. जाड हिरव्या दांड्याच्या टोकाला कर्ण्याच्या आकाराची दोन ते चार फुले उमलतात, आठवडाभर घर उजळून टाकतात आणि कोमेजतात. कोणी त्याला नुसते ‘लिली’ म्हणतात; रोपवाटिकेत ते ‘अमरिलिस’ या नावाने मिळते. फुले आहेत तोवर कुंडी दिवाणखान्यात मानाने मिरवते. फुले गेली, की तिची रवानगी जिन्याखाली किंवा गच्चीच्या कोपऱ्यात होते. पुढच्या वर्षी पाने भरपूर येतात, फूल मात्र येत नाही. मग ‘याला एकदाच फूल येते’ असा निष्कर्ष निघतो आणि कंद कचऱ्याच्या गाडीत जातो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. नीट सांभाळलेला अमरिलिसचा कंद वर्षानुवर्षे फुलतो; एकाच कुटुंबात दोन पिढ्या टिकलेले कंदही असतात. फूल न येण्याचे कारण फुलाच्या दिवसांत क्वचितच असते. ते त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत दडलेले असते. त्या महिन्यांत झाडाला दिसण्याजोगे असे काहीच नसते, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही नसते.

पात कापली तर कांदा पोसत नाही

या दोन्ही तालुक्यांतील वाचकांना ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही. ज्यांचे गाव आणि शेत अजून सुटलेले नाही, त्यांनी कांद्याचे पीक आठवावे. हिरवी पात उन्हात अन्न तयार करते आणि ते खाली गड्ड्यात साठत जाते. पात अर्ध्यातच कापली, तर कांदा पोसत नाही. पुढे माना मोडतात, पात पिवळी पडते, पाणी तोडले जाते आणि कांदा सुकून विश्रांतीला जातो. काढणीपर्यंत पाणी देत राहिलेला कांदा चाळीत टिकत नाही, हा इथल्या शेतकऱ्याचा रोकडा अनुभव आहे.

अमरिलिसचे चक्रही नेमके असेच आहे आणि हा योगायोग नव्हे. आधुनिक वर्गीकरणात कांदा, लसूण आणि अमरिलिस ही एकाच कुळातील झाडे मानली जातात. कंद म्हणजे मांसल पापुद्र्यांचे कोठार. फूल उमलते ते या कोठारातील साठ्यावर. अनेकदा पान येण्याआधीच नुसता दांडा वर येतो, तो याच शिलकीच्या जोरावर. म्हणून फुलोरा संपतो तेव्हा कंद सर्वांत रिकामा, हलका आणि थकलेला असतो. त्याच क्षणी आपण त्याला अंधारात ढकलतो.

आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. अमरिलिसच्या कंदात साधारण चार पाने तयार झाली, की एक फुलकळी तयार होते. ही कळी बाहेर दिसण्याच्या सुमारे वर्षभर आधी कंदाच्या पोटात धरलेली असते. याचा अर्थ असा, की यंदा दिसलेले फूल ही गेल्या वर्षीची कमाई आहे आणि यंदाच्या हेळसांडीचा हिशेब पुढच्या वर्षी चुकता होणार आहे. उपासमार झाली, तर आत धरलेली कळी आतच सुकते. चूक आणि शिक्षा यांत इतके अंतर असल्यामुळे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. दोष मात्र कंदाला दिला जातो.

नावाचा जुना घोळ

आपण ज्याला अमरिलिस म्हणतो, त्याचे शास्त्रीय नाव हिप्पीस्ट्रम. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील झाड. खरे ‘अमरिलिस’ दक्षिण आफ्रिकेतील वेगळे झाड आहे. दोघांच्या नावांवरून वनस्पतिशास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद चालला आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत तो दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने मिटला. बाजारात मात्र जुनेच नाव चालते. ओळखण्याची सोपी खूण अशी, की हिप्पीस्ट्रमचा फुलांचा दांडा पोकळ असतो, खऱ्या अमरिलिसचा भरीव.

हिप्पीस्ट्रमचा पहिला नोंदलेला संकर १७९९ मध्ये इंग्लंडमधील आर्थर जॉन्सन या घड्याळजीने केला. पुढे नेदरलँड्समध्ये त्याच्या संकरित जातींचा मोठा उद्योग उभा राहिला. आज पुण्याच्या दुकानांत आणि संकेतस्थळांवर हिवाळ्यात खोक्यांतून मिळणारे मोठे कंद बहुधा याच संकरित जातींचे असतात. त्या खोक्यावरची सूचना युरोपातील घरांसाठी लिहिलेली असते. तेथे थंडी आणि अंधार ही अडचण आहे. आपल्याकडे अडचण आहे ती ऊन, पाणी आणि मातीची. त्यामुळे ती सूचना जशीच्या तशी पाळणाऱ्यांची निराशा होते.

आधी फूल उतरवा, पाने नको

फुले कोमेजू लागताच एकेक फूल देठाशी खुडावे. फुलामागील हिरवी गाठ म्हणजे बीजकोश. तोही काढून टाकावा. बी धरू दिले, तर कंदाची शक्ती त्यात खर्च होते. बियांपासून झाड तयार करण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण त्या झाडाला फूल येण्यास तीन-चार वर्षे तरी थांबावे लागते.

फुले काढल्यानंतर उरलेला दांडा लगेच कापण्याची घाई नको. तो हिरवा आहे तोवर पानासारखेच काम करतो. पिवळा आणि मऊ पडला, की कंदापासून दोन बोटे वर स्वच्छ सुरीने कापावा. कापताना त्यातून पाणी ओघळते. तो पोकळ असल्याने तसे होणारच, घाबरण्याचे कारण नाही.

पानांना मात्र हात लावू नये. लांब पट्ट्यांसारखी पाने आडवी पडतात आणि दिवाणखान्यात ती अडचणीची वाटतात, हे खरे. काही जण ती कापतात, काही जण शेंडीसारखी गाठ मारून ठेवतात. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. बारीक काठी रोवून सुती दोऱ्याने सैल आधार द्यावा. पुढच्या वर्षी फूल हवे असेल, तर निदान चार निरोगी पाने पावसाळाभर हिरवी राहिली पाहिजेत, एवढे साधे गणित ध्यानात ठेवावे.

घरातून गॅलरीत

फुलोरा संपताच कुंडी घरातून उजेडात हलवावी. परंतु आपल्याकडे ही वेळ नेमकी भर उन्हाळ्याची असते. बारामती आणि इंदापूर पर्जन्यछायेत येतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. घरातील मंद उजेडात वाढलेली कोवळी पाने एकदम पश्चिमेच्या उन्हात ठेवली, तर दोन दिवसांत भाजून पांढरी पडतात. पहिला आठवडा सावलीत, नंतर सकाळचे तासाभराचे ऊन, मग हळूहळू दोन-तीन तास असा क्रम ठेवावा. पूर्वेकडील गॅलरी सर्वांत चांगली. पश्चिमेकडचीच गॅलरी असेल, तर दुपारी हिरव्या जाळीची किंवा जुन्या सुती साडीची आडोशी बांधावी. जूनमध्ये आभाळ आले, की जाळी काढली तरी चालते.

पाणी देण्याचा दिवस वारावर ठरवू नये, बोटावर ठरवावा. बोटाचे दुसरे पेर मातीत घालून पाहावे. तिथवर माती कोरडी असेल तरच पाणी द्यावे. पाणी कडेने घालावे. कंदाच्या मानेत, म्हणजे पाने निघतात त्या खाचेत, पाणी साचू देऊ नये. कुंडीखालच्या बशीतले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. हे कंदासाठी जितके आवश्यक, तितकेच घरातल्या माणसांसाठीही, कारण डेंगीचा प्रसार करणारे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात.

काळी माती आणि क्षाराचे पाणी

आपल्या भागात कंद मरतात ते बहुधा तहानेने नव्हे, सडून. त्यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण माती. शेतातील काळी कसदार माती कुंडीत भरली, की काम झाले असा समज आहे. ही माती उसाला चांगली, कुंडीतील कंदाला नव्हे. ती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगा पडताना मुळे तोडते. त्याऐवजी दोन भाग तांबडी पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवावा. कुंडी कंदापेक्षा फार मोठी नको. कंद आणि कुंडीची कड यांत दोन-तीन बोटे अंतर पुरे. मोठ्या कुंडीतील जादा माती ओली राहते आणि तिथूनच सड सुरू होते. मातीची जड कुंडी प्लॅस्टिकपेक्षा बरी. ती हवा खेळू देते आणि फुलांच्या भाराने कलंडत नाही.

कंद किती खोल लावावा, याबाबत सर्वाधिक चुका होतात. निशिगंध किंवा ग्लॅडिओलससारखा तो पूर्ण गाडायचा नसतो. त्याचा वरचा निदान एक तृतीयांश भाग मातीबाहेर, मोकळ्या हवेत राहिला पाहिजे.

दुसरे कारण पाणी. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात अनेक वर्षांच्या सिंचनामुळे जमिनी क्षारपड आणि चोपण होण्याचा प्रश्न जुना आहे. अनेक वसाहतींत कूपनलिकांचे जड पाणी वापरले जाते. तेच क्षार कुंडीत साठतात. कुंडीच्या बाहेरच्या बाजूला पांढरा थर, पानांची टोके तपकिरी, वाढ खुंटलेली, ही त्याची लक्षणे. अलीकडे यात आणखी एका सवयीची भर पडली आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी ‘वाया जाऊ नये’ म्हणून झाडांना घातले जाते. हेतू चांगला आहे. पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. फरशी पुसण्यासाठी ते वापरावे, कुंडीतल्या कंदासाठी नको. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातील पाण्यात सोडियम असते, तेही टाळावे.

उपाय सोपा आहे. पावसाचे पाणी बादलीत धरून ते जमेल तेव्हा वापरावे. महिन्यातून एकदा वाढीच्या काळात कुंडीत भरपूर पाणी ओतून ते तळातून पूर्ण निथळू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. पावसाळ्यातील एखादी मोठी सर हे काम फुकट करते.

उष्णता, दुष्काळ आणि क्षार या शेतीवरील ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ मध्ये बारामती तालुक्यातील माळेगाव येथे उभी राहिली, ती या प्रदेशाची गरज ओळखूनच. शेतातले जे प्रश्न आहेत, तेच लहान प्रमाणावर गॅलरीतल्या कुंडीतही असतात.

खोडव्याला खत, तसे कंदाला

उसाची तोडणी झाली म्हणून शेतकरी खोडके उपटत नाही. तो बुडखे तासतो, खत देतो, पाणी देतो आणि खोडवा धरतो. फुलानंतरचा कंद हा खोडवाच समजावा.

नवी पाने चांगली धरू लागली, की खत सुरू करावे. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड पुरेशी होते. कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठी मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत वापरायचे असल्यास एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी द्यावे. ऑगस्टपासून नत्र कमी करून पालाशयुक्त खताकडे वळावे. नुसता युरिया टाकण्याचा मोह टाळावा. त्याने पाने गडद आणि लुसलुशीत होतात, झाड दिसायला छान वाटते, पण कंद पिलपिलीत राहतो आणि रोगाला लवकर बळी पडतो. कोरड्या मातीत खत कधीही घालू नये. आधी साधे पाणी, मग खत.

खत किती उपयोगी पडले, हे पानांवरून नव्हे तर कंदावरून ओळखावे. मे महिन्यात कंदाचा घेर दोऱ्याने मोजून ठेवावा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजावा. कंद जाड झाला असेल आणि दाबल्यावर टणक लागत असेल, तर फुलाची आशा बाळगायला हरकत नाही.

पावसाळ्यातील पाहुणी अळी

जुलै-ऑगस्टमध्ये एका सकाळी पानांची जागा नुसत्या चोथ्याने घेतलेली दिसते. हे काम लिलीवरील पतंगाच्या अळीचे. काळपट अंग, त्यावर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके, अशी ही अळी देखणी असली तरी भलतीच खादाड असते. पतंग पानांवर पुंजक्याने अंडी घालतो. अळ्या आधी पानाचा हिरवा गर खातात, नंतर थेट मानेपर्यंत पोहोचतात. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी पाने उलटून पाहणे आणि अंडी-अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हा घरगुती कुंड्यांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय आहे. कडुनिंबाच्या तेलाची संध्याकाळी केलेली फवारणी लहान अळ्यांवर उपयोगी पडते. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसल्यास तो ओल्या फडक्याने पुसून काढावा.

पाने, दांडा आणि कंदावर विटकरी लाल चट्टे दिसले, तर ती बुरशी असते. असे पान लगेच कापावे, पाणी वरून शिंपडू नये, कुंड्यांत अंतर ठेवावे. पानांवर फिकट पिवळ्या-हिरव्या लांब रेघांचे नक्षीकाम उमटले, झाड दरवर्षी खुरटत गेले, तर तो विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्यावर औषध नाही. असा कंद मन घट्ट करून काढून टाकणेच योग्य, नाहीतर कापणीच्या सुरीवाटे तो रोग इतर कुंड्यांत जातो. प्रत्येक कुंडीनंतर सुरी साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून घ्यावी.

विश्रांतीही हवी

दसरा-दिवाळीच्या सुमारास खत बंद करावे आणि पाणी हळूहळू कमी करत न्यावे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ते पूर्ण थांबवावे. पाने पिवळी पडून आपोआप सुकतील, सुकल्यावरच काढावीत. हिरवी पाने ओढून तोडू नयेत. कुंडी जागेवरून न हलवता, पण पाऊस किंवा घरातील सांडपाणी लागणार नाही अशा कोरड्या, सावलीच्या आणि हवेशीर जागी आठ ते दहा आठवडे ठेवावी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कंद फ्रिजमध्ये ठेवलाच पाहिजे असे नाही. ट्यूलिपला कडक थंडी लागते, अमरिलिसला नाही. त्याला हवी असते ती कोरडी विश्रांती. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पडणारी थंडी त्यासाठी पुरेशी आहे. फ्रिजमध्ये फळे असतील, तर त्यांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी खराब होण्याचा धोकाही असतो.

पाणी तोडूनही काही झाडांची पाने हिरवीच राहतात. ही झाडे उष्ण प्रदेशातील असल्याने तसे होते. त्यांना बळेच वाळवण्याची गरज नाही. महिना-दोन महिने पाणी अगदी कमी ठेवले, तरी पुरते.

जानेवारीच्या अखेरीस कंद तपासावा. टणक असेल तर वरची दोन बोटे माती काढून नवे मिश्रण भरावे. दोन-तीन वर्षांतून एकदा पूर्ण कुंडी बदलावी. दरवर्षी मुळे हलवलेली या झाडाला आवडत नाहीत. मुख्य कंदाभोवतीची पिले त्याच वेळी वेगळी करता येतात. पिलाला फूल येण्यास साधारण दोन-तीन वर्षे लागतात. एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हा देऊ नये. चपटे, रुंद टोक वर आले तर ते बहुधा फुलाचे आणि पातळ आले तर पानाचे. पाणी सुरू केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फूल दिसू शकते. होळीच्या आसपास घर पुन्हा उजळते.

खोक्यातून आणलेला कंद डिसेंबरमध्ये फुलला असेल, तर त्याला लगेच विश्रांती देऊ नये. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत तो पानांवर वाढू द्यावा आणि मग वरील चक्रात आणावा. पुढची फुले डिसेंबरऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये आली, तर ते त्याचे नैसर्गिक वेळापत्रक समजावे.

कंद सडला तर?

दाबल्यावर कंद मऊ लागला किंवा उग्र वास आला, तर तो लगेच मातीतून काढावा. कुजलेले पापुद्रे आणि काळी मुळे पांढरा, टणक भाग लागेपर्यंत कापून टाकावीत. कापलेल्या जागेवर ताम्रयुक्त बुरशीनाशकाची भुकटी लावून कंद तीन-चार दिवस सावलीत सुकवावा आणि कोरड्या वाळूत उथळ बसवावा. कंदाचा तळवा, म्हणजे जिथून मुळे फुटतात ती चकती, शाबूत असेल तर तो वाचण्याची शक्यता असते. तळवाच गेला असेल, तर उपाय नाही.

सर्वच कंदांना एक नियम नाही

मे महिन्यात लाल चेंडूसारखे फूल देणारे ‘मे फ्लॉवर’ हे अमरिलिसच्याच कुळातील. त्याचे चक्र आणखी स्पष्ट आहे. वळवाच्या सरींच्या सुमारास फूल येते, मागाहून पाने येतात, हिवाळ्यात ती पूर्ण नाहीशी होतात. रिकामी दिसणारी कुंडी मेली समजून फेकून देणे किंवा तिला हिवाळाभर पाणी घालत राहणे, या दोन्ही चुका त्याच्या बाबतीत नेहमी होतात.

निशिगंधाचे मात्र निराळे आहे. त्याचा जो कंद एकदा फुलतो, तो पुन्हा फुलत नाही. त्याच्याभोवती आलेले नवे कंद फुलतात. म्हणून निशिगंधाचे गड्डे काढून, मोठे कंद निवडून पुन्हा लावावे लागतात. कुंडीत दाटी झाली, की फुले कमी होतात, त्याचे कारण हेच.

ट्यूलिप आणि हायसिंथ यांच्याबाबत वाचकांना खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. त्यांना तीन-चार महिने कडक थंडी लागते. विक्रेते ती कृत्रिमरीत्या देऊनच कंद विकतात. फुलानंतर बारामतीच्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा फुलवणे सामान्य घरात जवळजवळ अशक्य आहे. ते एका हंगामाचे पाहुणे समजूनच घरी आणावेत.

स्वयंपाकघरापासून दूर ठेवा

एक इशारा महत्त्वाचा. सुकवून ठेवलेला अमरिलिसचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. त्यात लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी होते; कुत्री-मांजरे आणि शेळ्यांनाही त्याने बाधा होते. म्हणून काढलेला कंद कांद्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नये, त्यावर चिठ्ठी बांधावी आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. कापताना चीक लागल्यास काहींच्या त्वचेला खाज येते, हात धुवावेत. चुकून कोणी खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता, कंदाचा तुकडा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

एका कुंडीची गोष्ट

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी अमरिलिसची एक कुंडी आहे. इंदापूर तालुक्यातील आजोळच्या अंगणात तुळशी वृंदावनाच्या कडेने ही लाल लिली असे. आजी गेली, पुढे घर पाडून नवे बांधले गेले, अंगणावर फरशी आली. पाडकामाच्या आदल्या दिवशी आईने तीन कंद पिशवीत घालून आणले. त्यांतील एक पहिल्याच पावसाळ्यात सडला, कारण तो काळ्या मातीत मानेपर्यंत गाडला होता. दुसऱ्याची पाने ‘पसारा नको’ म्हणून प्रस्तुत प्रतिनिधीनेच दोन वर्षे कापली; तो लहान होत होत संपला. तिसऱ्याला मात्र वेळेवर वाळू, ऊन आणि विश्रांती मिळाली. चौथ्या वर्षी त्याला दांडा आला. त्या दिवशी आईने सर्वांत आधी मावशीला फोन केला.

त्या अंगणातले आता दुसरे काही उरलेले नाही. अशा कुंड्या अनेक घरांत असतील. माहेरून आलेल्या, बदलीच्या गावाहून आणलेल्या, कोणी निरोपाच्या वेळी हाती दिलेल्या. त्यातले फूल यंदा आले नसेल, तर कंद फेकण्याआधी एकदा मातीबाहेर काढून दाबून पाहावा. टणक लागला, तर तो जिवंत आहे. त्याला पावसाळाभर पाने राखू द्यावीत आणि दिवाळीनंतर निवांत झोपू द्यावे. बाकीचे त्याचे त्याला माहीत असते.

(चौकट)
बारामती-इंदापूरसाठी कंदाचे वेळापत्रक

फेब्रुवारी अखेर ते एप्रिल : फुलोरा. कोमेजलेली फुले व बीजकोश काढावेत, पाने राखावीत.
एप्रिल-मे : सकाळचे ऊन, दुपारी सावली. माती कोरडी झाल्यावरच पाणी.
जून ते सप्टेंबर : मुख्य वाढ. पंधरा दिवसांनी खत, दर दोन दिवसांनी अळीची पाहणी, निचऱ्यावर लक्ष.
ऑक्टोबर : खत बंद, पाणी कमी.
मध्य नोव्हेंबर ते मध्य जानेवारी : पाणी बंद, कोरडी विश्रांती.
जानेवारी अखेर : कंदाची तपासणी, वरची माती बदलणे, एकदा भरपूर पाणी.